बे दाहे वीस

रत्नागिरीत आमच्या घरी दिवेलागण झाली की परवचा सुरू व्हायचा. शुभंकरोति, मग बे ते तीस, आणि आजोबा पडवीत असले तर पावकी, निमकी, दिडकीसुद्धा. आजोबांचा आग्रह पाठांतरापेक्षा सुराचा असे. पाढा एका लयीत म्हणायचा, म्हणजे कुठे पाऊल चुकलं तर कानाला आधी कळतं, असं ते सांगायचे. त्या वयात मला त्यातलं फक्त म्हणणं आवडायचं. पण दरवेळी तीच कृती, दरवेळी एकाच पावलानं वाढणारी संख्या, आणि ठरल्या ठिकाणी थांबणं हा जो प्रकार आहे, तो तेव्हा अंगात मुरला तो मुरलाच.

एप्रिल-मे महिन्यांत खळ्यात आंब्याच्या पेट्या भरल्या जायच्या. तेव्हा आजोबांची लांब वही बाहेर यायची. एकेका ओळीत गिऱ्हाईकाचं नाव, डझन आणि भाव. संध्याकाळी ते आकड्यांची बेरीज वरून खाली करत आणि लगेच खालून वर. दोन्ही बेरजा जुळल्या की मगच खाली रेघ मारत. उलट दिशेनं जाताना तेच आकडे वेगळ्या जोड्यांनी भेटतात, त्यामुळे एकदा झालेली चूक दुसऱ्यांदा तशीच होत नाही. हिशेब तपासण्याची याहून साधी रीत मी अजून पाहिलेली नाही.

कॉलेजात संगणक भेटला तो काळ्या पडद्यावरच्या अक्षरांचा. बेसिक ही भाषा १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी मुद्दाम नवशिक्यांसाठी तयार केली होती, हे मला पुष्कळ नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की 'फॉर' म्हणून सुरुवात करायची, मधल्या ओळीत काय करायचं ते सांगायचं आणि 'नेक्स्ट' म्हणून पुन्हा वर पाठवायचं. तीन ओळी टाइप केल्या आणि पडद्यावर सातचा पाढा उतरला. जे मी वर्षानुवर्षं तोंडानं म्हणत आले ते यंत्राला इतक्या थोडक्यात सांगता येतं, याचा आनंद मला आजही आठवतो. लूप शिकले असं त्या दिवशी वाटलंच नाही. ते येतच होतं.

आता रविवारी सकाळी आळीतली काही मुलं माझ्याकडे पायथन शिकायला येतात. पहिला प्रोग्राम अर्थातच पाढ्याचा. पायथनमध्ये रेंजला एक आणि दहा असे आकडे दिले तर तो एकपासून मोजतो खरा, पण दहाच्या अलीकडे थांबतो. त्यामुळे पडद्यावर पाढा बे नवे अठरावर संपतो. एक मुलगा छापलेले आकडे मोठ्यानं वाचत होता. तो अठरावर अडखळला आणि म्हणाला, "बाई, बे दाहे वीस कुठे गेलं?" नवशिक्यांची ही नेहमीची चूक शोधायला पुस्तकं पानं खर्ची घालतात. त्याला ती कानानं सापडली. मग दहाच्या जागी अकरा का द्यायचे, लिस्टमधल्या पहिल्या घराचा क्रमांक शून्य का असतो, हे सगळं त्याच्या प्रश्नामागून सहज आलं. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये याच विषयावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा आणि मोजणी शून्यापासून करायची, म्हणजे शेवटच्या आकड्यातून पहिला वजा केला की किती फेऱ्या झाल्या ते थेट मिळतं, असा त्यातला युक्तिवाद आहे. मुलांना तो पटतो, पण आधी वीस हरवलेलं असावं लागतं.

सरावाच्या उदाहरणांबद्दल माझं मत जरा ठाम आहे. चांदण्यांचे त्रिकोण छापा, एक ते शंभर छापा, लिस्टमधली सर्वांत मोठी संख्या शोधा, असले प्रश्न मुलं सोडवतात आणि विसरतात. त्यांत पुढे काय होईल याची उत्सुकताच नसते. म्हणून लूप आणि लिस्ट थोडी हाताखाली आली की मी त्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांकडे नेते. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. विद्यार्थी असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं, आणि ते परांजपे आमच्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या मुर्डीचे. १९४९ मध्ये कापरेकरांनी एक साधी कृती सांगितली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा.

रत्नागिरीच्या मुलांना टिळकांचं जन्मवर्ष सांगावं लागत नाही. १८५६. उतरता क्रम ८६५१, चढता १५६८, वजाबाकी ७०८३. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. पुन्हा केलं तर ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. इथून सुटका नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच पोचता.

पहिल्या फेऱ्या मी वहीत करायला लावते, आणि त्याला कारण आहे. प्रोग्राममध्ये संख्येचे अंक सुटे करून लिस्टमध्ये ठेवायचे, सॉर्टेड लावायचं, उलटं करायचं, वजा करायचं, उत्तर दुसऱ्या लिस्टला अपेंड करायचं आणि ६१७४ येईपर्यंत व्हाइल चालू ठेवायचं. हे मुलांनी छान लिहिलं. मग कुणीतरी २१११ घातले आणि पडद्यावर शून्यांची रांग लागली, थांबेचना. कंट्रोल-सी दाबून ती बंद करावी लागली. एका मुलीनं वही उघडली. तिनं २१११ वजा १११२ ची वजाबाकी मांडताना हजाराच्या घरातलं शून्य सोडलं नव्हतं, ०९९९ लिहिलं होतं. संगणकानं ते शून्य टाकून नुसते ९९९ धरले, ते उलटसुलट सारखेच, मग वजाबाकी शून्य, आणि पुढे शून्यच शून्य. पुढचं शून्य राखायची तरतूद केल्यावर ९९९०, ८९९१ अशी गाडी नीट सुरू झाली. हातानं केलेलं नसतं तर तिला ते शून्य दिसलं नसतं.

मग आम्ही १००० ते ९९९९ सगळ्या संख्या लूपला दिल्या. सारख्या अंकांच्या नऊ वगळून ८९९१. डोळ्याचं पातं लवतं तोवर काम संपलं. कापरेकरांकडे हे यंत्र नव्हतं, आणि मला खरी गंमत इथे वाटते. वजाबाकीत कोणते अंक आहेत याला महत्त्वच नसतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०, एवढंच उत्तर. १८५६ साठी सात आणि एक, म्हणजे ६९९३ अधिक ९०, बरोबर ७०८३. असे फरकांचे प्रकार अवघे ५४ होतात. ८९९१ संख्यांचा पसारा एका कागदावर मावतो. १९७५ मध्ये गणितातल्या गमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं, तेव्हा कुठे या शाळामास्तरांचं नाव जगभर झालं. आपल्याकडच्या संगणकाच्या पुस्तकांत त्यांचा हा खेळ अजून क्वचितच दिसतो, याचं वाईट वाटतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार सहावीपासून कोडिंग शिकवायचं आहे. शिक्षकांना आणि पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलांच्या हाती संगणक जरूर द्या, पण लूप लिहायला लावण्याआधी दोन-तीन फेऱ्या वहीत करून घ्या. सुरुवातीला त्यांचं स्वतःचं जन्मवर्ष घ्यायला सांगा, आणि वजाबाकीत पुढे आलेलं शून्य खोडू देऊ नका.