निविदेतील रंगाचा रकाना

सरकारी खरेदीच्या तपशीलपत्रकात अगदी शेवटी 'रंग' असा एक रकाना असतो. खुर्ची असो, फाइलींचे कपाट असो की पावसाळी कोट, त्या रकान्यात बहुधा 'सक्षम अधिकाऱ्याच्या पसंतीनुसार' एवढेच लिहिलेले आढळते. कपाटाच्या बाबतीत त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण एका जिल्ह्याच्या पूर-बचाव पथकासाठी स्कूबा साहित्य घ्यायचे होते, त्याचा मसुदा निवृत्तीनंतर माझ्याकडे अभिप्रायासाठी आला, आणि त्यातही हेच वाक्य होते. खाली कोणीतरी शेरा मारला होता : 'शक्यतो गडद निळा, गणवेशाशी जुळणारा.'

मी राहतो ते भिलाईचे सेक्टर ६. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तापलेले लोखंड गर्द लाल आहे, नारिंगी आहे की पिवळे, यावरून त्याच्या तापमानाचा अंदाज सांगणारी माणसे या वसाहतीत माझे शेजारी आहेत. प्राणवायूचे काळे नळकांडे व त्याचा पांढरा खांदा २०२१ मध्ये साऱ्या देशाच्या ओळखीचा झाला; त्या लाटेत येथूनही अनेक राज्यांना द्रवरूप प्राणवायू गेला. त्या नळकांड्याचा रंग कोणा अधिकाऱ्याच्या पसंतीचा नसतो, तो प्रमाणकात लिहिलेला असतो. मग पाणबुड्याच्या पोशाखालाच पसंती का लागू व्हावी, हा माझा पहिला प्रश्न होता.

पाण्याची गोष्ट अशी की ते प्रकाशातले सगळे रंग सारखेच आत जाऊ देत नाही. स्वच्छ समुद्रात तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच क्षीण होतो. दहा मीटरांवर लाल कापड मळकट तपकिरी दिसते, तेथे जखमेतले रक्तही हिरवट-काळे वाटते. त्याहून खाली नारिंगी, मग पिवळा मावळत जातो आणि सर्वांत खोलवर निळा उरतो. (१९२१ मध्ये बोटीने मायदेशी परतताना सी. व्ही. रामन यांनी निकोल प्रिझममधून समुद्र न्याहाळला आणि ती निळाई केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे दाखवून दिले. आपल्या खरेदी समितीवर असा एखादा सदस्य असता तर!) म्हणजे निळ्या पाण्यात गडद निळा पोशाख घातलेला माणूस हा मुद्दाम लपवलेला माणूस होय. नौदलाच्या लढाऊ पाणबुड्याला ते हवे असते. बचाव पथकातल्याला नको असते.

यावर समितीतील एका सदस्यांनी सुचवले, मग सगळेच नारिंगी घेऊ. तेही नीट उत्तर नव्हे. साधा नारिंगी खाली विझतो. चमकता, म्हणजे फ्लुओरेसंट नारिंगी किंवा पोपटी मात्र टिकतो; कारण तो पोहोचलेला निळा-हिरवा प्रकाश शोषून आपल्या रंगात परत टाकतो. शिवाय पाणबुड्याला पाहणारे एकच नसतात. पाण्याखालचा जोडीदार त्याला पाहतो. स्वतःची हवा संपली तर त्याला समोरच्याच्या अंगावरचे दुसरे श्वासयंत्र क्षणात सापडले पाहिजे, म्हणूनच ते व त्याची नळी पिवळी ठेवण्याची पद्धत आहे. काळ्या पोशाखात सगळे सारखेच दिसतात, तेव्हा कोण कोण आहे हे पायांतील पंखांच्या रंगावरून ओळखता येते. काठावरचा दोरधारी आणि होडीचा तांडेल त्याला पाहतात, पण ते फक्त डोके वर आल्यावर. त्यांच्यासाठी टोपी आणि खूणफुगा हवा, आणि तो भडक हवा. अंगभर काळा सूट असला तरी चालेल. तो सहज मिळतो.

आता आमच्याकडची परिस्थिती. श्रावणातील शिवनाथ नदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना समुद्राचे हे गणित तेथे लावता येणार नाही हे कळेल. गढूळ पाणी निळा प्रकाशच आधी गिळते. हातभर अंतरावर स्वतःचा पंजा दिसत नाही. तेथे पोशाखाचा कोणताही रंग खाली उपयोगी पडत नाही. तेथे कंबरेचा दोर बोलतो : ठरलेले झटके, ठरलेला अर्थ. दोर धरणारा माणूस प्रशिक्षित नसेल तर उत्तम साहित्यही व्यर्थ. मसुद्यात दोरासाठी एकच ओळ होती, आणि गणवेशावरील बोधचिन्हासाठी चार.

याच्या उलट मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हंगामात पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था जवळच तारकर्लीला आहे, आणि हौशी पर्यटक रोज पाण्यात उतरतात. तेथे धोका खोलीचा कमी, वरून जाणाऱ्या होड्यांचा अधिक. म्हणून निळा-पांढरा आंतरराष्ट्रीय निशाणध्वज, किंवा लाल कापडावर तिरका पांढरा पट्टा असलेला ध्वज, हा तेथील सर्वांत महत्त्वाचा रंग. तो अंगावर नसतो, होडीवर असतो. २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोघे गेले. सगळे काही पाण्याखालीच घडते असे नाही. लाटांत माणसे विखुरतात तेव्हा निळे-पांढरे कपडे फेसात हरवतात आणि भडक जॅकेट लांबून सापडते.

अभिप्रायात मी 'रंग' हा रकाना खोडून त्याजागी 'कोणास, कोठून दिसावे' असा रकाना सुचवला. सूट काळा. टोपी व खांदे फ्लुओरेसंट नारिंगी. राखीव श्वासयंत्र पिवळे. पंख प्रत्येकाचे निराळे. खूणफुगे दोन : नेहमीचा नारिंगी, संकटाचा पिवळा, आणि हा संकेत काठावरच्यांना लेखी समजावलेला. दोर पांढरा, दर मीटरला खूण केलेला, आणि दोरधाऱ्याच्या प्रशिक्षणाची वेगळी तरतूद.

नस्ती तीन आठवड्यांनी एका शंकेसह परत आली. पंख निरनिराळ्या रंगांचे घेतल्यास लेखापरीक्षणात 'एकसमान साहित्य नाही' असा आक्षेप निघेल का, अशी विचारणा होती. प्रत्येक जोडीवर पाणबुड्याचा अनुक्रमांक घालावा आणि साठा नोंदवहीत रंगासह नोंद करावी, असे उत्तर मी त्याच दिवशी पाठवले आहे.