कडक

सोलापुरात 'कडक' हा शब्द कुठेही खपतो. ऊन कडक, चहा कडक, मास्तर कडक आणि ज्वारीची भाकरीही कडक. इंजिनिअरिंगला 'मटेरियल्स'चं पुस्तक हातात आलं आणि या एका शब्दाच्या पोटातून चार गुण बाहेर पडले. ज्यावर ओरखडा सहज उमटत नाही ते कठीण. वाकवायला जोर लागतो ते ताठ. तुटायला मोठा भार लागतो ते मजबूत. आणि वाकायच्या आतच मोडतं ते ठिसूळ. आम्ही हे परीक्षेपुरतं घोकलं. डोक्यात शिरलं ते प्रयोगशाळेत.

माइल्ड स्टीलची १२ मिलिमीटर व्यासाची कांब यंत्राच्या दोन जबड्यांत धरलेली होती. काटा चढत चढत तीन टनांच्या आसपास आला आणि घुटमळला. कांब लांबत होती, भार मात्र वाढेना. मग काटा पुन्हा चढला. पाच टनांच्या अलीकडे-पलीकडे कांबेला मधोमध कंबर आली, काटा मागे सरू लागला आणि बार उडावा तसा आवाज झाला. तुटलेलं टोक हाताला गरम लागलं. एका तुकड्याला वाटी, दुसऱ्याला तिच्यात बसणारा शंकू. त्यानंतर बिडाची कांब लावली. ना घुटमळणं, ना कंबर. एकदम कट्ट. तोंड सपाट, करडं, रवाळ. मला आमच्या घरचा बिडाचा तवा आठवला. जन्मभर जाळ सोसला त्यानं, आणि एकदा फरशीवर पडला तर सरळ दोन तुकडे.

भाकरी बिडाच्याच गोत्रातली. ज्वारीच्या पिठात गव्हासारखी ताणून धरणारी चिकटी नसते, म्हणून आई उकळतं पाणी घालून पीठ मळायची. पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि पातळ थापतानाही कड चिरत नाही. भाजून झाली की मंद आचेवर ती भाकरी बराच वेळ वाळवायची, पाण्याचा अंश जाईपर्यंत. मग ती महिनाभरही टिकते. शेंगाचटणीबरोबर मोडली की शेजारच्या घरात ऐकू जातं.

आमच्या शेजारी यंत्रमाग होते. १८७७ साली जुनी मिल निघाली तेव्हापासून या गावाला सुताचा नाद आहे, आणि पूर्वभागात तर खटखट थांबली की माणसं दचकून बाहेर बघतात. एप्रिलमध्ये हवा कोरडीठाक झाली की ताण्याचे धागे पटापट तुटायचे. शेजारचे काका जमिनीवर पाणी मारायचे, खिडक्यांना ओली पोती लावायचे. मला वाटायचं, गारव्यासाठी. ते म्हणाले, "माझ्यासाठी नाही रे, सुतासाठी. सूत तहानलं की तुटतंय बघ."

पुस्तकानं नंतर त्यांना दुजोरा दिला. कापूस ओला झाला की त्याची ताकद वाढते. शिवाय एकेरी सुताच्या ताण्याला खळ दिलेली असते, आणि खळ म्हणजे पुन्हा स्टार्चच. धाग्याभोवती लपेटलेली भाकरीच म्हणा ना! ती फार वाळली की तडकते, पापुद्रे झडतात आणि आतला धागा उघडा पडतो. म्हणजे जो कोरडेपणा आईला हवा, तोच काकांना नको. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती. चिवट हा शब्द पुस्तकात फार पुढे येतो, ऊर्जेच्या हिशेबासकट. काका तो चादरीबद्दल सहज वापरायचे.

नोकरीचा पहिला पावसाळा रत्नागिरीत काढला. आईनं एसटीनं भाकऱ्यांची चळत धाडली होती. चौथ्या दिवशी मोडायला गेलो तर भाकरी वाकली. आवाज नाही, काही नाही, नुसती चामट. फोनवर आईला सांगितलं, भाकरी बिघडली.

"बिघडतीय कशाला? सादळली आसंल. डबा उघडा ठेवलास ना? तव्यावर टाक, बारीक गॅसवर. आन् हलू नको तिथनं."

खोलीत तवा नव्हता. घरमालकीणबाईंकडून आणला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या, हा माणूस केलेली भाकरी पुन्हा का भाजतोय म्हणून. बाहेर धो धो पाऊस. पंधरा मिनिटांनी भाकरी गार होऊ दिली आणि मोडली.

कट्ट.

"अगोबाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.