सांधे हलवून बघताना

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नव्या भाड्याच्या घरासाठी एक बाई टेबल शोधते ते इथेच. सागवानात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. भुसा दाबून केलेल्या स्वस्त फळ्या मात्र ओल लागली की फुगतात. ती टेबल उलटं करते, सांधे हलवून बघते. लाकडाखाली पिठासारखी भुकटी दिसली, की सरळ पुढे. पॉलिश नंतरही करता येतं. पोखरलेलं लाकूड कशाला घरी आणायचं?

कपड्यांतही तिची हीच पारख.

जानेवारीत इथली पहाट बोचरी, दुपार उन्हाची. जाड स्वेटरपेक्षा खादीचा कुर्ता आणि वर बिनबाह्यांचं जाकीट बरं. कुर्ता मे महिन्यातही चालतो. पावसाळ्यात सुती कपडा वाळता वाळत नाही, तेव्हा चटकन सुकणारी सिंथेटिक सलवार तिला फार मोलाची वाटते.