दाब… धर… सोड

लगुना सेकाच्या आठव्या वळणावर चढ संपतो आणि समोर रस्ताच नसतो. नुसतं आभाळ आणि झाडांचे शेंडे. शेजारी बसलेला प्रशिक्षक हेल्मेटमधून ओरडतो, झाडाकडे बघ, झाडाकडे! झाडाकडे बघत स्टिअरिंग डावीकडे वळवलं की गाडीखालची जमीनच निघून जाते, पोट घशाशी येतं, लगेच उजवीकडे, आणि आपण खाली! जेमतेम 137 मीटरांत 18 मीटरची उतरण. याला कॉर्कस्क्रू म्हणतात, आणि हे मला वयाच्या 43व्या वर्षी सापडलं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेजवळचा हा रेसचा ट्रॅक 1957पासून इथेच आहे. घरापासून दीड तासावर! इतकी वर्षं मी शनिवारी कपड्यांच्या घड्या घालत काय बसले होते?

गाडी म्हणाल तर 2001ची माझदा मियाटा. दोन सीटची, उघड्या टपाची, 1.8 लिटरचं इंजिन, वजन टनाच्या जरासं वर. माझ्या शेजाऱ्याची मुलांना शाळेत सोडायची गाडी हिच्यापेक्षा ताकदवान आहे. पण वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं, ढकलणारी चाकं मागची. हिचे जपानी कर्ते घोडा आणि स्वार एक होण्याची गोष्ट सांगतात. जाहिरातबाजी, असं मी म्हणत होते. आता म्हणत नाही.

साडेसहा हजार डॉलरला गाडी घेतली त्याच रात्री मी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं: सायलेन्सर, एअर फिल्टर, इंजिनची ट्यूनिंग, चौदाशे डॉलर. पैसा वेगाला लागतो, अशी माझी बापडीची समजूत! ऑफिसातल्या एका जुन्या खेळाडूने ते पान वाचलं, तिन्ही ओळींवर काट मारली आणि खाली एकच शब्द लिहिला: ब्रेक.

रात्री कराडला फोन. अण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते, कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट. मुलगी रेसच्या ट्रॅकवर जाणार म्हटल्यावर आई देवाचं नाव घेऊ लागली. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "पळती कुठलीबी गाडी गं. थांबती का, ते बघ."

आणि मग मला ते गणित दिसलं! मुख्य सरळीवरून माझी गाडी दीडशेच्या वेगाने दुसऱ्या वळणाकडे जाते. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक दाबला की ती उष्णता होऊन डिस्कमध्ये आणि तळहाताएवढ्या पॅडांत शिरते. एकदा नाही, वीस मिनिटं, प्रत्येक फेरीत. तिथून ती ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. साधं डॉट 4 ऑइल नवीन असताना 230 अंशांपर्यंत तरी उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी पीत राहतं, आणि पाणी मुरलं की हाच आकडा 155पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की नळीत वाफ. वाफ दाबली जाते, पॅडल जमिनीला टेकतं आणि गाडी तशीच पुढे. म्हणजे चाळीस डॉलरच्या बाटलीवर साडेसहा हजारांची गाडी, आणि त्यात बसलेली मी!

त्या शनिवारी ऑइल बदलायला गॅरेजमध्ये नवरा गाडीत, मी चाकाशी पाना आणि पारदर्शक नळी घेऊन जमिनीवर. "दाब." तो दाबायचा. "धर." मी ब्रेकचं निपल सैल करायची, नळीतून जुनं ऑइल सरकायचं, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं, मधे मधे बुडबुडे. निपल घट्ट. "सोड." चार चाकं, दोन तास. शेवटी नळीतून स्वच्छ, मधाच्या रंगाचं ऑइल आलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की नवऱ्याने दचकून पॅडल सोडलं, नळीत हवा शिरली आणि ते चाक पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या सतरा वर्षांत आम्ही इतका वेळ एकमेकांचं ऐकलं नव्हतं.

वही भरत गेली. ट्रॅकचे पॅड 240, टायर 560, हेल्मेट 300. उघड्या टपाची गाडी म्हणून, उलटली तर डोकं वाचवणारा रोल बार, 750. त्याची परीक्षा झाडूच्या दांड्याने होते: दांडा रोल बारवरून समोरच्या काचेच्या चौकटीवर टेकवायचा, हेल्मेट त्याच्या खाली राहिलं पाहिजे. मी बुटकी, आयुष्यात पहिल्यांदा त्याचा फायदा झाला. दिवसाची फी जवळपास चारशे. रोजच्या विम्यात ट्रॅक बसत नाही, म्हणून त्या एका दिवसाचा वेगळा विमा, 120. आणि टायर-पॅड हे किराण्यासारखे, संपणारच. नवऱ्याची अट एकच होती: जी गेली तरी कर्ज उरणार नाही अशीच गाडी न्यायची. ती मला पटली, म्हणून तर मियाटा.

ट्रॅकवर सकाळी तपासणी. चाकं हलवून बघतात, बॅटरी ओढून बघतात, पायाखालचे मॅट काढायला लावतात. दारावर निळ्या चिकटपट्टीने माझा नंबर. पहिल्या वीस मिनिटांत मला सगळ्यांनी मागे टाकलं, आणि प्रत्येकाला मी हात बाहेर काढून वाट दिली, अगदी घाटात देतात तशी! चौथ्या फेरीला ब्रेक पहिल्या फेरीइतकाच टणक लागला, तेव्हा हेल्मेटमध्ये एकटीच हसत होते. शेवटची फेरी सावकाश, ब्रेकला वारा लागावा म्हणून. उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडी ठोकळा लावला. फोटो अण्णांना पाठवला. त्यांनी फक्त ठोकळा बघितला.

सोमवारी तीच गाडी ऑफिसला. दारावर चिकटपट्टीचा डिंक अजून होता. ट्रॅकचे पॅड थंड असताना किंचाळतात, हे वहीत कुणी लिहिलं नव्हतं. संध्याकाळी सनीवेलच्या किराणा दुकानापुढे अण्णांशी फोनवर बोलत गाडी लावली, तर पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटावा तसा आवाज. कोथिंबिरीची जुडी हातात धरलेल्या एक आजी थबकल्या, माझं मराठी ऐकून जवळ आल्या आणि काळजीने म्हणाल्या,

"अगं पोरी, ब्रेक दाखवून घे गं कुणाला तरी."