कोपरगाव टाळू नकोस

चि. मंदार,


तुझा सुट्टीतला बेत वाचला आणि राहवलं नाही. सकाळी शिर्डी, दुपारी हॉटेल, संध्याकाळी घरी. हाकेच्या अंतरावरच्या कोपरगावाची बोळवण मात्र एका वाक्यात: ‘राघोबादादाच्या वाड्यात पोरांना काय दाखवायचं, खुनी माणूस तो.’  हे वाक्य पोरांसमोर बोलला नसशील एवढीच आशा आहे.

आरोप खोटा आहे असं मी म्हणत नाही. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी दादांच्या पुतण्याला, नारायणराव पेशव्यांना, मारलं आणि न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोष दादांच्या पदरात घातला. (दादांच्या पत्नी आनंदीबाईंच्या ‘ध’चा ‘मा’ मात्र पुराव्यानिशी कुणी सिद्ध केलेला नाही, तो पोरांना सांगायचा तर दंतकथा म्हणूनच सांग.) पुढे 1775 मध्ये सुरतेच्या तहात दादांनी वसई इंग्रजांना देऊ केली. तीच वसई, जी त्यांच्या सख्ख्या काकांनी, चिमाजीअप्पांनी, 1739 मध्ये जिवाची बाजी लावून घेतली होती. पण 1758 साली लाहोरात शिरलेली फौजही दादांचीच ना? अटकेपारचे झेंडे आपल्याला भाषणात हवे असतात, ते नेणाऱ्याचा वाडा वाटेत आला की मात्र आपण गाडी पुढे काढतो. याला इतिहासप्रेम म्हणत नाहीत.

तू म्हणशील, आपल्याच जिल्ह्यात सीनाकाठी चोंडी आहे, अहिल्याबाईंचं जन्मगाव. मुलांना तिथे न्यावं, आदर्श तरी दिसेल. जरूर ने. पण बाईंचा मुलगा मालेराव गेल्यावर, 1767 मध्ये, होळकरांची दौलत घशात घालायला निघालेले आणि बाई लढायला उभ्या राहिल्याचं पाहून हात हलवत परतलेले हेच दादा होते. समोर कोण उभं होतं हे कळल्याशिवाय बाईंचं धैर्य पोरांना कसं मोजता येणार?

माझा खरा मुद्दा याहून पुढचा आहे. 1782 च्या सालबाईच्या तहाने दादांना महिना 25,000 रुपयांची नेमणूक मिळाली आणि गोदाकाठच्या कोपरगावात त्यांना निवृत्त व्हावं लागलं. डिसेंबर 1783 मध्ये ते वारले. त्यांचा धाकटा मुलगा चिमाजी त्यानंतर जन्मला. त्याचा मोठा भाऊ, म्हणजे दुसरा बाजीराव, तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. पेशव्यांच्या घरातलं हे पोर दरबारात नव्हे, नजरकैदेत वाढलं. आधी इथे, मग आनंदवल्लीला, पुढे जुन्नरला. कुणावर विश्वास ठेवायचा हे त्याला शिकवणार कोण होतं? त्याच बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह केला आणि 1818 मध्ये राज्य बुडालं. ‘म्हणजे पळपुट्याला सूट देता?’ असं विचारशील. सूट नाही देत. कारण सांगणं आणि माफ करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पोरांना हा फरक शाळेत कुणी सांगत नाही. शनिवारवाड्यात पराक्रम दिसतो. राज्य आतून कसं पोखरलं गेलं ते कोपरगावात कळतं. म्हणून माझा हट्ट.

बघायला फारसं नाही, हे कबूल. इंग्रजी अमदानीत या वाड्यात कचेऱ्या भरल्या, तिथे थाट कुठून उरणार? पण खांबाला हात लावून, महिना पंचवीस हजारांत लाहोरचा सरदार काय करत बसत असेल, एवढं पोरांना विचार. उत्तर तू देऊ नकोस.

आणि हो, मे महिना आहे. शिर्डी दुपारनंतर कर, वाड्यात सकाळी आठच्या आत पोचा. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीचं पाणी कालव्यांत वळतं, त्यामुळे उन्हाळ्यात पात्र निरुपद्रवी दिसतं. तसं ते नसतं. वाळू उपसलेले खड्डे वरून कळत नाहीत. धाकटीचा हात सोडू नकोस. टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि गूळ-शेंगदाणे बरोबर असू देत. पोचल्यावर फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझा,
आप्पाकाका