हात वळवा, बाण सुटतो!

अहो, तो गोळा पेटतो! टीव्हीच्या रिमोटपेक्षा जाडसा काळा दांडा, टोकाला पांढरा मऊ गोळा, बोटानं दाबला तर चक्क दबणारा! आणि यंत्र चालू केलं की तो गुलाबी होतो, निळा होतो, हिरवा होतो! हे असलं काही जगात आहे हे मला माहीतच नव्हतं! जगाला मात्र 2010 च्या सप्टेंबरपासून माहीत आहे, सोनीनं तेव्हाच बाजारात आणलेला हा ‘प्लेस्टेशन मूव्ह’. आमच्या रेवसच्या घरात तो आत्ता आला! मुंबईच्या मामेभावाच्या माळ्यावरून उतरला, जुन्या प्लेस्टेशन 3 सोबत कापडी पिशवीत बसला, भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं खाडी ओलांडून आला, आणि मग तारा जोडल्या, आणि मग कॅमेरा टीव्हीपुढे ठेवला, आणि मग घरात जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही!

मला यंत्रातलं काही कळत नाही, आधीच सांगते. व्हिडिओ गेम म्हणजे दोन्ही अंगठ्यांनी भराभर बटणं दाबायची आणि ते पोराबाळांनाच जमायचं, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून तर तुम्हाला हाताला धरून बोलावतेय, या, बघा! इथे बटण एखाददुसरंच. इथे हात हलवायचा! आपला स्वतःचा हात!

पहिली डिस्क लावली ‘स्पोर्ट्स चॅम्पियन्स’. ती बनवणाऱ्यांत कॅलिफोर्नियातली एक कंपनी आहे, तिचं नाव झिंदगी गेम्स. कसलं गोड नाव! पडदा आधी सांगतो, दांडा खांद्याशी धरा, कमरेशी धरा. शिंप्याकडे माप द्यायला उभं राहावं तशी मी उभी! आणि मग टेबल टेनिस सुरू झालं, आणि मी मनगट जरासं, अगदी जरासं तिरकं केलं, आणि पडद्यावरची बॅटही तेवढीच तिरकी झाली! तेवढीच! उताणी केली, उताणी झाली! मी चेंडू मारायचा सोडून नुसती बॅट फिरवत बसले, समोरचा खेळाडू गुण मिळवत राहिला, मिळवू दे बापडा!

पण थांबा, खरी कमाल तिरंदाजीत आहे! त्यात दोन दांडे घेतले तर एक दांडा धनुष्य आणि दुसरा बाणाचा हात. बाण कुठून घ्यायचा? पाठीवरच्या भात्यातून! खरोखर हात खांद्यावरून मागे न्यायचा, बाण काढायचा, पुढे आणायचा, दोरीला लावायचा, मागे ताणायचा, आणि मग बोटाखालचा चाप सोडायचा. सूंऽऽ! लागला!

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रश्न आला. कॅमेरा समोर, टीव्हीपाशी. हात माझ्या पाठीमागे. गोळा तर कॅमेऱ्याला दिसतच नाही! मग मी बाण काढला हे त्याला कळलं कसं? मी हे पुन्हा पुन्हा करून बघितलं. हळू नेला, झटकन नेला, तरी कळतंच!

मग मामेभावाला फोन लावला, मिळेल ते वाचलं, आणि मग जे समजलं त्यानं तर मी आणखीच येडावले! कॅमेरा सेकंदाला 60 चित्रं टिपतो आणि प्रत्येक चित्रात तो पेटलेला गोळा शोधतो. खोलीतल्या रंगांत हरवू नये म्हणून गोळ्याचा रंग यंत्र स्वतः निवडतं! गोळा चित्रात मोठा दिसला की हात जवळ, लहान दिसला की लांब, कारण गोळ्याचं खरं माप त्याला पाठ आहे. आणि गोळाच का? कारण कुठूनही बघा, गोल तो गोलच दिसतो! किती साधी युक्ती! आणि दांड्याच्या पोटातलं सामान तर सतत मोजत असतं, गोळा दिसेनासा झाला की सगळी भिस्त त्याच्यावरच! एक सेन्सर वेगातला बदल पकडतो, आणि दांडा स्थिर असतानाही त्याला गुरुत्वाकर्षण जाणवतं, म्हणजे खाली कुठे हे त्याला कायम ठाऊक! दुसरा, जायरोस्कोप, वळणं मोजतो. हे मोजताना त्याचा हिशेब हळूहळू भरकटतो, आणि मग त्याला ताळ्यावर आणायला तिसरा सेन्सर पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा धरतो. अहो, म्हणजे होकायंत्रच की! आमच्या बोटींवर असतं तेच! माझ्या हॉलमध्ये, माझ्या मुठीत, उत्तर दिशा!

आणि मग आई आली. बटणांच्या वाटेला कधी न गेलेली माझी आई. तिला ‘बोचे’ लावून दिला. हा इटलीतला खेळ, लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला मोठा चेंडू नेऊन टाकायचा. दांड्याचा पट्टा तिच्या मनगटात अडकवला. तिनं दोनदा हात झुलवला, चेंडू सोडला, आणि तो गेला की सरळ लहान चेंडूला चिकटून बसला! “अगं, मी मनगट वळवलं तर तोपण वळला!” आई ओरडली. वळणारच! कोळंबी सोलून, जाळी विणून तयार झालेलं मनगट आहे ते! आणि हेच तर मला तुम्हाला ओरडून सांगायचंय! या खेळासाठी नवीन काही शिकावं लागत नाही, आयुष्यभर कमावलेला हात इथे चालतो!

आणि ही कल्पना एकट्या सोनीची नाही बरं! 2006 साली निन्टेन्डोनं ‘वी’ काढला, त्याच्या रिमोटनं लोक घरातल्या घरात बोलिंग आणि टेनिस खेळायला लागले, आणि तो दहा कोटींहून जास्त खपला! दहा कोटी! आणि ही कंपनी 1889 साली क्योटोत सुरू झाली ती कशासाठी? हातानं बनवलेले खेळायचे पत्ते विकायला! 2010 च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ आला, त्यात तर हातात काहीच धरायचं नाही, कॅमेरा सगळं अंगच बघतो. आणि मग आपल्या मुंबईच्या ट्राईन गेम्सनं मूव्हसाठी काय केलं असेल? गल्ली क्रिकेट! ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’! हातातला दांडा हीच बॅट! ती डिस्क मी आता जुन्या दुकानांतून शोधतेय, कुणाकडे असेल तर सांगा हो!

तुमच्या खिशातल्या फोनमध्येही असेच सेन्सर आहेत. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ते त्यांच्यामुळेच. म्हणजे ही जादू रोज आपल्या हातात असते, आपण तिच्याशी खेळत नाही एवढंच!

तर ऐका. पुण्यामुंबईच्या भावाबहिणींच्या माळ्यावर असा एखादा डबा धूळ खात पडला असेल, आजच विचारा. कॅमेराही मागून घ्या, त्याच्याशिवाय गोळ्याचा उपयोग नाही. दांडा चार्ज करा, खिडकीचा पडदा ओढा, टीपॉय बाजूला सरकवा, पट्टा मनगटात घाला, तो घातल्याशिवाय खेळू नका. आणि पहिली पाळी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला द्या!