अठराव्या दिवसाची धास्ती

अराउकाना कोंबडी घरी वाढवणारा माणूस उबवणीच्या अठराव्या दिवसाला धास्तावलेला असतो. अंडी दिव्यावर धरली की काल हलणारं पिल्लू आज निपचित दिसतं. ऊब बरोबर, ओल बरोबर. दोष रक्तातच आहे.

या जातीचं मूळ चिलीत. तिथल्या रुबेन बुस्तोस यांनी स्थानिक कोंबड्यांच्या संकरातून ती घडवली आणि स्पॅनिश प्राध्यापक साल्वादोर कास्तेयो यांनी 1921 मध्ये हेगच्या परिषदेत जगापुढे आणली. निळी अंडी, शेपटीचा पत्ता नाही, कानांजवळ पिसांचे झुबके. हे झुबकेच जीवघेणे! झुबक्यांचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं, तर पिल्लू साधारण सतरा ते एकोणीस दिवसांच्या दरम्यान कवचातच मरतं. म्हणजे झुबकेदार जोडी लावली की सरासरी चौथा हिस्सा गेला. एकाच बाजूनं जनुक आलेली काही पिल्लंही दगावतात.

शिवाय शेपटी नसल्यानं फलन कमी होतं. म्हणून अमेरिकेतले जाणते पाळणारे मागची पिसं कातरतात.

तरीही ते टिकून राहतात, आणि त्यांच्या चिकाटीत हिशेब असतो. झुबकेदार कोंबड्याला ते बिनझुबक्याची मादी देतात. त्यातून निम्मी पिल्लं झुबक्यांची निघतात आणि दुहेरी जनुकाचं मरण टळतं.

प्रदर्शनात बिनझुबक्याच्या मादीला बक्षीस मिळत नाही. पण नव्यानं अराउकाना पाळणाऱ्यानं तिला मुळीच विकू नये.